करोनियमचा अणुभार : जेऊर येथील १८९८ च्या ग्रहणाच्या अनुषंगाने

मूलद्रव्याचा अणुभार काढावयाचा तर ते मूलद्रव्य प्रथम तराजूत पडले पाहिजे, ही गोष्ट इतकी उघड आहे की पदव्युत्तर वर्गात ती कोणी मुद्दाम सांगत नाही. सममूल्यभार काढावा, संयुजा ठरवावी, द्रव्य वायुरूप असेल तर त्याची घनता हायड्रोजनशी ताडून पाहावी, धातू असेल तर विशिष्ट उष्णतेचा आधार घ्यावा. कानिझारो यांनी १८५८ मध्ये आखून दिलेली आणि १८६० च्या कार्ल्सरूए परिषदेनंतर हळूहळू सर्वमान्य झालेली ही वाट होय. या वाटेवर कोठे ना कोठे वजन केल्यावाचून पुढे जाता येत नाही. तथापि रसायनशास्त्राच्या इतिहासात असे एक मूलद्रव्य होऊन गेले की ज्याचा कणही कोणाच्या हाती लागला नाही, ज्याचे एकही संयुग बनले नाही, आणि तरीही ज्याचा अणुभार एकदा नव्हे दोनदा, थोर शास्त्रज्ञांकडून, दशांश स्थळांसह मांडला गेला. त्याचे नाव करोनियम. त्याच्या अस्तित्वाचा सारा पुरावा म्हणजे सूर्याच्या किरीटातील एक हिरवी वर्णरेषा. आणि त्या रेषेची खरी जागा प्रथम ज्या ठिकाणी पक्की झाली ते ठिकाण सोलापूर जिल्ह्यात, कुर्डुवाडीपासून लोहमार्गाने थोड्याच अंतरावर आहे. या रेषेच्या मापनाची व त्या अणुभाराच्या गणिताची कथा एकत्र मांडावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुर्डुवाडीहून पुण्याकडे जाताना केम सोडले की पुढे जेऊर लागते. तालुका करमाळा. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाची मध्यरेषा कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ भूमीवर येऊन कऱ्हाडवरून ईशान्येस वळली आणि पुणे-सोलापूर लोहमार्गास जेऊरजवळ छेदून पुढे वऱ्हाड-नागपूरच्या बाजूस गेली. टनावारी सामान वाहून नेणाऱ्या ज्योतिर्विदास याहून सोयीची जागा कोणती? सामान मुंबईच्या बंदरात उतरवावे, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या डब्यात चढवावे आणि जेऊरच्या माळावर उतरवून घ्यावे. शिवाय जानेवारीतील या पठारावरचे आकाश भरवशाचे. कुर्डुवाडी स्थानकाला त्या वेळी बार्शी रोड म्हणत. आदल्याच वर्षी, १८९७ मध्ये, तेथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला होता. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि मुंबई-पुण्यात प्लेगने कहर मांडला होता. अशा दिवसांत कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे पथक विल्यम वॉलेस कॅम्बेल यांच्या नेतृत्वाखाली जेऊरास येऊन राहिले. त्यांच्यासोबत किरीटाची मोठी प्रकाशचित्रे घेण्यासाठी ४० फूट लांबीचा कॅमेरा होता आणि निरनिराळे वर्णपटलेखक होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे पथकही जेऊरासच होते. नायगमवाला यांचा या ग्रहणावरील अहवाल १९०२ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला. या वेधशाळेविषयी आपल्या विद्यापीठीय वर्तुळात जितके बोलले जावयास हवे तितके बोलले जात नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

आता त्या हिरव्या रेषेकडे वळू. परंतु तिच्याआधी एका पिवळ्या रेषेची हकीकत सांगितली पाहिजे, कारण करोनियमवरील विश्वास मुळात त्या पिवळ्या रेषेच्या यशातून जन्मला.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहणही आपल्याच भागातून गेले होते. जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन, मच्छलीपट्टणला पॉग्सन असे निरीक्षक वर्णपटदर्शक रोखून बसले होते. सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट तेजोरेषांचा आहे, अर्थात या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हा त्या दिवसाचा मोठा निष्कर्ष. हर्शेल यांना जमखंडीस एक नारिंगी रेषा दिसली आणि ती सोडियमचीच रेषा होय असे त्यांनी मानले. ग्रहण संपल्यावर सावकाश, ग्रहणावाचून केलेल्या मापनांत ती रेषा सोडियमच्या जोडरेषेवर पडत नाही असे ठरले. तिची तरंगलांबी सुमारे ५८७६ आंगस्ट्रॉम. सोडियमच्या दोन रेषांपैकी तिला जवळची जी, ती ५८९० ची. एक आंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. अशा अवघ्या १४ आंगस्ट्रॉमच्या फरकातून नवे मूलद्रव्य निघाले. लॉकियर व फ्रँकलँड यांच्या काळापासून त्यास हेलियम म्हणू लागले. येथे एका लोकप्रिय समजुतीचा खुलासा अवश्य केला पाहिजे. विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून लॉकियर यांनी १८६८ साली तेथेच हेलियम शोधले असे सांगितले जाते. लॉकियर १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये होते आणि त्यांचे निर्णायक निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील आहे. विजयदुर्गास ते आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी. ओट्यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, फक्त त्यांचे साल बदलते.

हेलियम सत्तावीस वर्षे सूर्यातच राहिले. १८९५ मध्ये रॅम्झी यांना क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून ते मिळाले आणि लगेच त्याचा अणुभार काढता आला. ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वायू कशाशीही संयोग पावत नाही, म्हणून सममूल्यभाराचा मार्ग बंद. तेव्हा घनता मोजली. ती हायड्रोजनच्या सुमारे दुप्पट निघाली, म्हणजे रेणुभार ४. पण रेणूत अणू किती? त्यासाठी वायूतून जाणाऱ्या ध्वनीच्या वेगावरून दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर काढले; ते १.६६ च्या जवळ आले. दिलेली सर्व उष्णता रेणूच्या स्थलांतरगतीतच खर्च होत असेल, आत फिरण्याकंपण्यास काही नसेल, तरच हे गुणोत्तर येते. म्हणजे रेणू एकाणूक, आणि अणुभारही ४. आज तो ४.००२६ मानतात. सूर्यातील एका रेषेवरून नाव दिलेले द्रव्य अखेर फुग्यात भरून तोलले गेले. अशा प्रसंगानंतर सूर्यातील दुसऱ्या अनोळखी रेषेवर कोणी अविश्वास का दाखवावा?

ती दुसरी रेषा ७ ऑगस्ट १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेतील आयोवा प्रांतात यंग आणि हार्कनेस या दोघांना स्वतंत्रपणे दिसली. ती ज्वालांत नव्हे, तर त्यांच्याही बाहेर पसरलेल्या मोतिया रंगाच्या किरीटात होती. किर्खोफ यांच्या सौर वर्णपटाच्या नकाशात १४७४ या खुणेपाशी तिची जागा ठरविण्यात आली. नव्या मापात सुमारे ५३१७ आंगस्ट्रॉम. आता १४७४ पाशी त्या नकाशात लोखंडाची एक रेषा होती. यंग यांच्यापुढे पेच पडला: किरीटात लोखंड आहे म्हणावे, तर लोखंडाच्या शेकडो इतर रेषा कोठे आहेत? आणि लोखंडासारखे जड द्रव्य सूर्यापासून लाखो मैल वर, हायड्रोजनच्याही वर, कसे तरंगेल? हा आक्षेप अगदी सयुक्तिक होता. म्हणून लोखंड बाजूस सारले गेले आणि अज्ञात द्रव्याची कल्पना पुढे आली. करोनियम हे नाव १८८० नंतरच्या दशकात रूढ झाले.

ग्रहणाची खग्रास अवस्था मिनिटादोन मिनिटांची. तेवढ्यात डोळ्याने मंद रेषेची जागा टिपावयाची. शिवाय अवस्थेच्या आरंभी व अखेरीस सूर्याच्या खालच्या वर्णावरणातील लोखंडाची ५३१७ ची रेषा झळकते आणि नजर तिच्यावरच स्थिर होते. एकोणतीस वर्षे हा घोळ तसाच राहिला. जेऊरास कॅम्बेल यांनी ठरविलेला प्रश्न वेगळा होता. किरीट सूर्याबरोबर फिरतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यासाठी सूर्याच्या पूर्व व पश्चिम कडांजवळच्या किरीटातील हिरव्या रेषेची स्थाने एकाच काचेवर घेऊन त्यांतील अतिसूक्ष्म फरक मोजावयाचा, अशी योजना होती. खग्रास अवस्था तेथे सुमारे २ मिनिटांची होती. काच धुऊन मोजली तेव्हा किरीटाच्या परिभ्रमणाविषयी समाधानकारक निर्णय लागला नाही. पण रेषेची जागाच मुळात १३ आंगस्ट्रॉमहून अधिक चुकीची मानली जात होती, हे कळून आले. कॅम्बेल यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेला आकडा ५३०३.२६ आंगस्ट्रॉम. आजचा मान्य आकडा ५३०२.८६. दोहोंत अर्ध्या आंगस्ट्रॉमचाही फरक नाही.

या दुरुस्तीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. जमखंडीच्या रेषेत १४ आंगस्ट्रॉमची दुरुस्ती झाली तेव्हा सोडियम गेले आणि खरोखरीचे नवे मूलद्रव्य आले. जेऊरच्या रेषेत जवळजवळ तेवढ्याच अंतराची दुरुस्ती झाली आणि लोखंडाच्या रेषेशी असलेला तिचा संबंध तुटला. त्यामुळे करोनियमचा पक्ष बळकट झाला असेच तत्कालीन अभ्यासकांना वाटले असल्यास त्यांना दोष देता येत नाही. तथापि याच दुरुस्तीने करोनियमचा एक महत्त्वाचा पुरावा मात्र निकालात काढला. १८९८ मध्येच नासिनी, आंदेर्लिनी व साल्व्हादोरी या इटालियन रसायनशास्त्रज्ञांनी नेपल्सजवळच्या ज्वालामुखीय वायूंत करोनियमची रेषा दिसल्याचे जाहीर केले होते. हेलियमप्रमाणे करोनियमही पृथ्वीवर सापडले, असा आनंद त्यामागे होता. पण त्यांनी रेषा पाहिली ती ५३१५ च्या सुमारास, म्हणजे जुन्या, चुकलेल्या जागी. जेथे किरीटाची रेषा नव्हतीच, तेथे पृथ्वीवरील करोनियम सापडले!

आता मेंडेलीव्ह यांच्या गणिताकडे येऊ. १९०२ मध्ये त्यांनी ईथरच्या रासायनिक कल्पनेविषयी एक प्रबंध लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०४ मध्ये निघाले. निष्क्रिय वायूंचा शून्य गट त्यांनी तोवर मान्य केला होता. प्रारंभी आर्गॉनला नायट्रोजनचे त्र्यणूक रूप समजून ते बाजूस सारू पाहणाऱ्या मेंडेलीव्ह यांनी हा गट स्वीकारल्यावर त्याचा असा काही विस्तार केला की शिष्यही चकित व्हावेत. शून्य गटात हेलियमच्या वर, हायड्रोजनच्या डावीकडे, एक रिकामे घर राहते. तेथील मूलद्रव्यास त्यांनी य म्हटले आणि ते करोनियम असावे असे सुचविले. त्याच्याही वर शून्य ओळीत क्ष, तो ईथर. करोनियमच्या रेषेची जागा सांगताना त्यांनी यंग-हार्कनेस यांचीच जुनी जागा घेतली होती. जेऊरची काच मोजून तीन वर्षे झाली होती.

त्यांची रीत मात्र मनोवेधक आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतः करून पाहावी अशी आहे. दुसऱ्या व तिसऱ्या ओळींतील एकाच गटाच्या मूलद्रव्यांच्या अणुभारांचे गुणोत्तर घ्यावे. क्लोरीन व फ्लुओरीन यांचे १.८६, गंधक व ऑक्सिजन यांचे २.००, फॉस्फरस व नायट्रोजन यांचे २.२१. गट जसजसा उतरत जातो तसतसे गुणोत्तर चढते. सोडियम व लिथियम यांच्यापाशी ते ३.२८ होते आणि निऑन व हेलियम यांच्यापाशी, म्हणजे शून्य गटात, ४.९८. एक ओळ वर चढावे. लिथियम व हायड्रोजन यांचे गुणोत्तर ६.९७. शून्य गट त्याच्या डावीकडे, तेव्हा हेलियम व य यांचे गुणोत्तर ६.९७ हून बरेच मोठे असले पाहिजे. निदान १० धरावे. हेलियम ४, म्हणून य ०.४ किंवा त्याहून कमी. करोनियमचा अणुभार असा निघाला.

क्ष साठी त्यांनी उभ्या गटाचा आधार घेतला. झेनॉन व क्रिप्टॉन यांचे गुणोत्तर १.५६, क्रिप्टॉन व आर्गॉन यांचे २.१५, आर्गॉन व हेलियम यांचे ९.५०. पहिला फरक ०.५९, दुसरा ७.३५, फरकांचा फरक ६.७६. तो तसाच पुढे चालू ठेवला की पुढचे गुणोत्तर २३.६ येते आणि क्ष ची कमाल मर्यादा ०.१७. कोणत्याही तीन बिंदूंतून द्वितीय घाताचा वक्र काढता येतोच. चौथा बिंदू ताडून पाहावयास नसेल तर तो वक्र बरोबर की चूक हे कळण्याचा मार्ग उरत नाही. मेंडेलीव्ह यांना हे ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. ०.१७ वर ते थांबलेही नाहीत. ताऱ्यांच्या आकर्षणातून सुटून विश्वभर पसरावयाचे तर क्ष चा अणू किती हलका हवा, याचा हिशेब करून त्यांनी तो हायड्रोजनच्या दशलक्षांशाहूनही खाली नेला.

याला हसणे सोपे आहे. परंतु हाच मनुष्य, हीच रीत. याच आवर्त कोष्टकाच्या आधारे त्यांनी १८७१ मध्ये तीन अज्ञात मूलद्रव्यांचे अणुभार ४४, ६८ व ७२ असे वर्तविले, आणि स्कॅन्डियम, गॅलियम व जर्मेनियम यांच्या रूपाने ते खरे ठरले. जर्मेनियमचा अणुभार विंक्लर यांनी ७२.३ मोजला. बेरिलियमचा अणुभार १३.५ नसून ९ असला पाहिजे, हेही त्यांनी कोष्टकावरूनच सांगितले. मग तेथे जे साधले ते येथे का साधू नये? फरक इतकाच की गॅलियमच्या घराला चारही बाजूंनी शेजारी होते. वर ॲल्युमिनियम, खाली इंडियम, एका बाजूस जस्त, आणि दुसऱ्या बाजूचे घर रिकामे असले तरी त्यापलीकडे आर्सेनिक. अंतर्वेशनात चूक झाली तरी ती शेजाऱ्यांच्या दरम्यानच राहते. करोनियमचे घर कोष्टकाच्या कोपऱ्यावरचे, पलीकडे भिंत नाही. तेथे बहिर्वेशनाला अडविणारे काही नव्हते. आणि त्या घराच्या अस्तित्वाची साक्ष देणारी एकच रेषा होती.

आकडा एकदा छापला गेला की तो स्वतःचे आयुष्य जगू लागतो. १९११ च्या सुमारास अल्फ्रेड वेगेनर यांनी पृथ्वीच्या वातावरणाच्या अगदी वरच्या थरांत ‘जिओकरोनियम’ नावाचा वायू कल्पिला, ध्रुवीय प्रकाशातील हिरव्या रेषेचे श्रेय त्याला दिले आणि त्याचा अणुभार मेंडेलीव्ह यांच्याच आधारे ०.४ धरला. खंडांच्या अपवहनाची कल्पना मांडणारे वेगेनर ते हेच. ध्रुवीय प्रकाशाची ती रेषा ५५७७ आंगस्ट्रॉमची. किरीटाच्या रेषेशी तिचा काही संबंध नाही, आणि १९२५ मध्ये मॅक्लेनन व श्रम यांनी ती ऑक्सिजनची आहे हे प्रयोगशाळेत दाखवून दिले. १९११ मध्येच इंग्लंडमध्ये निकोल्सन यांनी मूळ अणूंची एक गणिती उपपत्ती मांडली आणि तीत करोनियमचा अणुभार ०.५१२८२ काढला. पाच दशांश स्थळे! चमत्कार असा की किरीटातील रेषांचे श्रेय त्यांनी करोनियमला न देता प्रोटोफ्लुओरीन या दुसऱ्याच काल्पनिक मूलद्रव्याला दिले. तरीही निकोल्सन यांची उपेक्षा करू नये. अणूतील कोनीय संवेग विशिष्ट पटींतच असतो ही कल्पना त्यांच्याच लेखांत प्रथम आली आणि बोर यांनी ती तेथूनच उचलून कामास लावली.

निकोल्सन यांच्या यादीत नेब्युलियमही होते. तेजोमेघांतील ५००७ च्या आसपासच्या हिरव्या रेषेवरून कल्पिलेले. येथे पुण्याचा संबंध येतो. लॉकियर यांचे म्हणणे असे होते की ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा होय. नायगमवाला यांनी पुण्याच्या दुर्बिणीतून मृग नक्षत्रातील तेजोमेघ पाहून १८९१ मध्ये कळविले की रेषा सर्व परिस्थितींत रेखीव आहे, पट्ट्याची कडा असल्याचे चिन्ह तीत नाही. लॉकियर यांच्यासारख्या वजनदार मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध पुण्याच्या वेधशाळेने आपले निरीक्षण मांडले, आणि ते बरोबर होते. पुढे १९१४ मध्ये फ्रान्समध्ये ब्यूइसाँ, फाब्री व बुर्जे यांनी नेब्युलियमचा अणुभार चक्क मापनाने काढला. वायूतील अणू उष्णतेने इतस्ततः धावतात, त्यामुळे रेषा रुंदावते. ही रुंदी तापमान भागिले अणुभार याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते, हे लॉर्ड रॅले यांनी दाखविले होते. तेजोमेघातील हायड्रोजनच्या रेषेवरून तापमान, आणि त्या तापमानावरून अनोळखी रेषेच्या अणूचा भार. त्यांचे उत्तर २ व ३ यांच्या दरम्यान आले. खरा धनी ऑक्सिजन, अणुभार १६. रीत निर्दोष होती. पण मृगातील तेजोमेघ आतून खळबळत असतो आणि त्या खळबळीने सर्वच रेषा अणुभाराची पर्वा न करता रुंदावतात, हे गणितात आले नव्हते.

करोनियमचे घर १९१३ मध्येच बुजले होते. मोसली यांनी क्ष-किरणांवरून अणुक्रमांक ठरविले. हायड्रोजन १ आणि हेलियम २, त्यांच्यामध्ये वा आधी पूर्णांक उरत नाही. पण घर बुजले तरी रेषा तशीच लकाकत होती. १९२७ मध्ये बोवेन यांनी नेब्युलियमच्या रेषा आयनित ऑक्सिजनाच्या असल्याचे दाखविले. किरीटाच्या बाबतीत १९३९ मध्ये ग्रोट्रिआन यांनी दोन तांबड्या रेषांचा मेळ आयनित लोखंडाशी जुळतो असे दाखविले, आणि १९४१ पासून पुढील दोन वर्षांत स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी बहुतेक सर्व प्रमुख रेषा ओळखल्या. हिरवी रेषा लोखंडाची निघाली. २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. ज्या लोखंडाला यंग यांनी १८६९ मध्ये सयुक्तिक कारणांनी बाहेर काढले होते आणि जेऊरच्या मापनाने ज्याचा उरलासुरला संबंध तोडला होता, तेच मागच्या दाराने आत आले. अर्थात तो संबंध तुटणे योग्यच होते; ५३१७ ची रेषा एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची, ५३०३ ची तेरा गमावलेल्या लोखंडाची.

एडलेन यांचेही गणित या रेषेपुरते बहिर्वेशनाचेच होते, हे मुद्दाम सांगावयास हवे. तेरा इलेक्ट्रॉन उरलेल्या अणूंची त्यांनी मालिका घेतली. ॲल्युमिनियमच्या अणूत तळच्या पातळीचे दोन भागांतील अंतर दर सेंटिमीटरला ११२ तरंग, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या सिलिकनमध्ये २८७, आणि पुढे अणुक्रमांकाबरोबर ते झपाट्याने वाढत जाते. प्रयोगशाळेत मोजता आलेल्या या पायऱ्यांवरून लोखंडापर्यंत गेले की सुमारे १८,८५० येतात, म्हणजे बरोबर ५३०३ आंगस्ट्रॉम. येथे वाढीचा नियम पुंजवादाने दिलेला होता आणि शेवटी ताडून पाहावयास एक मोजलेला आकडा होता. मेंडेलीव्ह यांच्यापाशी यांपैकी एकही नव्हते.

आणि आता मूळ पेचाकडे. किरीट इतका उंच का पसरतो? करोनियम हायड्रोजनहून हलके म्हणून, असे उत्तर दिले जाई. वायूचा थर किती उंच जाईल हे, त्या काळच्या समजुतीप्रमाणे, तापमान व अणुभार यांच्या गुणोत्तरावर अवलंबून. आणि वर सांगितल्याप्रमाणे रेषेची रुंदीही त्याच गुणोत्तरावर. म्हणजे दोन्ही मोजमापे मिळून एकच राशी हाती येते, अज्ञाते मात्र दोन. किरीटाच्या हिरव्या रेषेची रुंदी साधारण ०.८ आंगस्ट्रॉम भरते. ल्यो यांच्या किरीटदर्शकाने १९३० नंतर ग्रहणावाचूनही अशी मापने शक्य झाली. ही सगळी रुंदी उष्णतेची धरली तर तापमान भागिले अणुभार सुमारे ४४,००० होते. अणुभार ०.४ घाला, तापमान १८,००० अंशांच्या आत राहते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या ५,८०० अंशांच्या मानाने जास्त, पण कोणी दचकावे असे नाही. त्याच जागी लोखंडाचा ५५.८४५ घाला, आणि तापमान २५ लाख अंशांच्या घरात जाते. प्रत्यक्षात रुंदीचा काही भाग वायूच्या खळबळीचा असल्यामुळे आकडा थोडा खाली, २० लाखांच्या आसपास, येतो. अणुभार हलका मानल्याने किरीटाचे प्रचंड तापमान त्या एका आकड्याआड लपून राहू शकले, असे म्हणावयास हरकत नाही. मेघनाद साहा यांनी १९४२ मध्ये या अतिआयनित लोखंडाचा उगम अणुगर्भाच्या विखंडनात शोधण्याचा प्रयत्न केला. तो टिकला नाही; पण थंड पृष्ठभागावर इतका तप्त किरीट कसा, या प्रश्नाची तीव्रता आपल्याकडे किती लवकर ओळखली गेली होती हे त्यावरून दिसते. त्या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर आजही मिळालेले नाही.

पुण्याची वेधशाळा नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त होताच बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे कोडाईकॅनालला गेली. कोडाईकॅनालची वेधशाळा पुढे ज्या संस्थेचा भाग झाली, त्या बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तयार केलेला किरीटदर्शक २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ या यानातून अवकाशात गेला. त्याच यानावरील जंबुपार दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बनविली आहे. किरीटदर्शकाच्या वर्णपटलेखकाला ज्या तीन रेषा पाहावयाच्या आहेत त्यांपैकी पहिली ५३०३ आंगस्ट्रॉमची आहे.